ओस्मुंडचा पहिला नकार

एल्वेडाल, मिनेसोटा
९ फेब्रुवारी १९५६

प्रिय सिग्नीताई,

देवबापाच्या कृपेने आम्ही दोघं ठीक आहोत. हा कागद मागच्या नाताळच्या कार्यक्रमपत्रिकेची पाठकोरी बाजू आहे, तेव्हा उलटून वाचू नकोस. पलीकडे नुसती क्वायरमधल्या, खालच्या सुरात गाणाऱ्या आल्टो मुलींची नावं आहेत. कागद जाड आहे, वाया कशाला घालवायचा?

तर सांगायचं ते असं, की या आठवड्यात आमच्या घरात कुणी गुणगुणलेलं नाही. ओस्मुंडला तू ओळखतेस. तोंडाने बोलायचा कंटाळा, पण दाढी करताना खर्जाची ओळ, बुटाची नाडी बांधताना वरची, आणि मधल्या दोन ओळी जेवताना माझ्या ताटाकडे बघून. लग्नाला चौतीस वर्षं झाली. मला दाढीचा साबण नुसता दिसला तरी खर्ज ऐकू येतो. आता साबण आहे, खर्ज नाही.

झालं असं, की कॉलेजला शरद ऋतूत नवे प्राचार्य आले, मिस्टर व्हिटलॉक, कनेक्टिकटचे. माणूस सालस आहे. बर्फात शहरी बूट घालून हिंडतो एवढाच दोष. ओस्मुंड जूनमध्ये पासष्टचा होतो आणि नियमाप्रमाणे निवृत्त होतो. सोमवारी प्राचार्य स्वतः तालमीच्या खोलीत आले आणि म्हणाले, "प्रोफेसर क्लेव्हन, नियम राहू दे बाजूला. मंडळाला सांगून क्वायर आणखी पाच वर्षं तुमच्याकडेच ठेवता येईल. राहाल का?"

ओस्मुंडने कुठल्याही चांगल्या घरातला माणूस देईल तेच उत्तर दिलं. "छे छे, माझ्यात आता काय उरलंय? एखादा तरुण बघा."

आता यावर समोरच्याने म्हणायचं, "असं कसं, प्रोफेसर!" मग ओस्मुंडने म्हणायचं, "नाही हो, कशाला उगाच." मग समोरच्याने खुर्ची पुढे ओढून तिसऱ्यांदा विचारायचं, आणि ओस्मुंडने निःश्वास सोडून म्हणायचं, "बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर." आपल्याकडे कॉफीसुद्धा याहून कमी आग्रहात कुणी घेत नाही.

या गृहस्थांनी काय करावं? "मी तुमच्या इच्छेचा आदर करतो," असं म्हणून हात मिळवला आणि दोन दोन पायऱ्या उतरत निघून गेले!

ओस्मुंड घरी आला तो टोपी न काढताच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. मी म्हटलं, "काय झालं?"

"विचारलं."

"मग?"

"एकदाच."

ताई, ही क्वायर गेली तर या माणसाजवळ काय उरतं? शेतकऱ्यांची पोरं, गाईंना हाका मारून घसे बसलेली. त्यांना त्याने साथीला पेटी नाही, पियानो नाही, नुसत्या श्वासावर उभं राहून गायला शिकवलं. आल्टो मुलींना सगळे रचनाकार एकाच सुरावर बांधून ठेवतात, दावणीला बांधल्यासारखं. याने त्यांच्यासाठी चाली लिहिल्या, म्हणून तर आल्टोंच्या आया अजून याला लोणी आणून देतात. आणि हे सगळं लिहिलं त्या पोरांसाठीच. पोरं नसली तर लिहिणार कुणासाठी?

विचारलं की म्हणतो, "काही नाही." आणि फावडं घेऊन बर्फ काढायला जातो. आमचं अंगण झालं, शेजारच्या नूटसनांचं झालं, आता चर्चपर्यंतचा रस्ता साफ झालाय. पाळक आभार मानत होते.

तुझी,
थोरा

*

फिलाडेल्फिया
१६ फेब्रुवारी

प्रिय थोरे,

तुझं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग मला माझे बटाटे आठवले.

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा पहिल्याच रात्री सासूबाईंनी बटाट्यांचा वाडगा पुढे केला. मी म्हटलं, "नको, नको." वाडगा गेला पुढे. मी मान खाली घालून वाट बघत बसले, की आता परत येईल. नंतर मटण आलं, तेही "नको" म्हटल्यावर गेलं. मग गोडाचं गेलं. सासूबाई लिओनार्डला म्हणाल्या, "तुझी बायको चिमणीएवढं खाते, बरं पडेल." आठवडाभर मी खोलीत दार लावून खारी बिस्किटं खाल्ली. शेवटी लिओनार्डला अंथरुणात चुरा सापडला.

इकडे नको म्हणजे नको गं! त्यात अपमान नाही, रीत आहे. तुमच्या प्राचार्यांनी ओस्मुंडला खरोखरच मान दिला असं त्यांना वाटत असणार. त्यांच्या घरी जाऊन ओस्मुंडने सरळ सांगावं, "माझं चुकलं, मला क्वायर हवी आहे." विषय संपला.

सांगशील ना त्याला?

सिग्नी

*

एल्वेडाल
२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सांगितलं. ओस्मुंड म्हणाला, "मागून घेऊ? मी काय दारोदार ब्रश विकतोय?" आणि फावडं घेऊन बाहेर गेला. आता स्मशानभूमीचाही रस्ता साफ आहे. तिकडे हिवाळ्यात कुणी जात नाही.

म्हणून मी दुसरा मार्ग काढला. व्हिटलॉक पतिपत्नींना रविवारी उपासनेनंतर कॉफीला बोलावलं. म्हटलं, घरात बसले, पोटात गरम गेलं, की दुसऱ्यांदा विचारतील. वेलचीचा केक केला. प्रार्थना करूनच ओव्हनमध्ये घातला.

मी किटली घेऊन म्हटलं, "कॉफी घेणार?" प्राचार्य म्हणाले, "हो, द्या!" असं. पहिल्याच दमात! मी तर किटली नीट धरलीही नव्हती. ओस्मुंड खिडकीबाहेर बघायला लागला, दुसऱ्याची झाकली मूठ उघडी पडताना बघू नये तसा.

पुढचं ऐक. केकचा शेवटचा तुकडा ताटात राहिला होता. आपल्याकडे शेवटचा तुकडा कुणी घेतलाय कधी? तो निम्मा होतो, पाव होतो, पारदर्शक होईपर्यंत कापतात, पण संपवत नाहीत. या गृहस्थांनी बोटांनी उचलला आणि खाल्ला. वर म्हणाले, "फारच छान." त्यांच्या बायकोने तर रेसिपी मागितली. माणसं वाईट नाहीत ताई, त्यांना कुणी वळणच लावलेलं नाही.

पण खरी गोष्ट त्यानंतर निघाली. ओस्मुंड लाकडं आणायला मागे गेला तेव्हा प्राचार्य म्हणाले, "मिसेस क्लेव्हन, एक कोडं उलगडत नाही. प्रोफेसरांनी नाही म्हटल्यावर मी त्यांचा पट्टशिष्य अर्लिंग, त्याला डाकोटात पत्र लिहिलं. तोही नाही म्हणाला. आपण त्या योग्यतेचे नाही म्हणे. मग आणखी एकाला विचारलं, तो म्हणाला, आपल्याहून चांगले पुष्कळ आहेत. या क्वायरचं एवढं नाव ऐकून मी आलो आणि ती कुणालाच नकोय!"

मी म्हटलं, "मग आता?"

"वीस मार्चला मंडळाची बैठक आहे. बँडचे मास्तर खोली मागताहेत. क्वायर बंद करून ती बँडला द्यावी म्हणतो."

बँड, ताई! ढोल, कर्णे आणि डोक्यावर पिसांचे तुरे! जिथे ओस्मुंड मुलांना मेणबत्ती विझणार नाही इतकं हळू गायला शिकवतो, तिथे ढोल.

मला तिथल्या तिथे सांगायचं होतं, की अहो, सगळ्यांनाच हवी आहे! पण तेवढ्यात ओस्मुंड लाकडं घेऊन आत आला. त्याच्यासमोर कसं बोलू? रात्री मी त्याला बँडचं सांगितलं. तो उठला, दिवा मालवला आणि अंधारात म्हणाला, "बँडलाही खोली लागतेच." रात्रभर जागा होता.

थोरा

*

फिलाडेल्फिया
५ मार्च

प्रिय ओस्मुंड,

मेव्हणी या नात्याने लिहिते, राग मानू नकोस. मानलास तरी तू काही बोलणार नाहीस, हे मला माहीत आहे.

वीस तारखेला मंडळासमोर सगळे असतील. प्राचार्य क्वायर बंद करण्याआधी एकदा तरी तुला विचारतीलच, तेवढे ते सभ्य दिसतात. विचारलं की पहिल्याच वेळेला "हो" म्हण. एक अक्षर आहे. दुसऱ्यांदा कुणी विचारणार नाही, कारण त्यांच्या गावात तशी पद्धतच नाही. तू तिसऱ्याची वाट बघत बसशील आणि बाहेर ढोल वाजायला लागेल.

थोराला हे दाखवू नकोस. बहिणीने नवऱ्याला निलाजरं व्हायला शिकवलं म्हणून ती माझ्यासाठी उपास धरेल.

सिग्नी

*

एल्वेडाल
९ मार्च

प्रिय सिग्नी,

पत्र मिळालं. इथे बर्फ आहे.

तुझा सल्ला निर्लज्ज आहे. दोनदा वाचला.

गॅरेजमध्ये गाडीसमोर उभा राहून म्हणून बघतो. खर्जात म्हटलं तर धमकी वाटते. वरच्या सुरात म्हटलं तर वासरू चुकल्यासारखं. मधल्या सुरात बरं जातं, पण शेवटी उतरतं. श्वास कमी पडतो. मुलांना मी श्वासावरून जन्मभर बोललो आहे.

काल नूटसन बाहेरून ओरडला, "ओस्मुंड, गाडी सुरू होत नाही का?" मी म्हटलं, "हो." ते चांगलं गेलं.

क्वायर मला हवी आहे. लिहिता आलं म्हणून लिहिलं.

थोराला सांगू नकोस. तिला वाटेल मी हावरा झालो.

ओस्मुंड

ता. क. बटाट्यांचं थोराने सांगितलं. वाईट वाटलं.

*

एल्वेडाल
१४ मार्च

प्रिय ताई,

मी एक धाडस केलं आहे. प्रभू मला क्षमा करो. ओस्मुंडला यातलं अक्षरही कळू देऊ नकोस. तो हल्ली गॅरेजमध्ये तासन् तास असतो आणि आतून कण्हल्यासारखे आवाज येतात. मी दार वाजवलं तर म्हणाला, "गाडी बघतोय." गाडीला काही झालेलं नाही.

काल मी बटाट्याच्या पोळ्या घेऊन एकटीच प्राचार्यांच्या घरी गेले. म्हटलं, "सर, लहान तोंडी मोठा घास घेते. मी शाळेपलीकडे शिकलेली नाही. पण तुम्हाला मिळालेला एकही नकार खरा नव्हता."

त्यांनी चष्मा काढला. "तिघांनी नाही म्हटलं, ते काय होतं मग?"

"ते आभार होते. तुम्ही फार लवकर उठून गेलात."

मग मी त्यांना बसवून नीट समजावलं. म्हटलं, सर, लक्षात ठेवा: पहिल्यांदा नमस्कार, दुसऱ्यांदा विचार, तिसऱ्यांदा होकार. त्यांनी लिहून घेतलं, शिकलेली माणसं घेतात तसं.

"पण मिसेस क्लेव्हन, एखाद्याला खरंच नको असेल तर कसं ओळखायचं?"

"मग तो हवेबद्दल बोलायला लागतो."

"आणि तुमच्यात पहिल्याच वेळेला कुणी हो म्हणालं तर?"

मी म्हटलं, "तसं कुणी म्हणत नाही, सर. तापाच्या भ्रमात असला तर गोष्ट वेगळी."

मग सराव. मी किटली पुढे केली, "कॉफी?" ते म्हणाले, "हो, द्या." मी किटली मागे ओढली. "कुठे आग लागलीय का?" पुन्हा विचारलं. म्हणाले, "नको, धन्यवाद." आणि हात पुढे करून राहिले! मिसेस व्हिटलॉक हसून हसून सोफ्यावर आडव्या झाल्या. पाचव्या खेपेला जमलं. बिचाऱ्यांच्या कपात गार झालेली पडली. मीच पातळ करायला सांगितली होती. सरावाला दाट कॉफी कशाला?

निघताना म्हणाले, "वीस तारखेला मी प्रोफेसरांना मंडळासमोर रीतसर तीनदा विचारीन. आता नाही म्हणाले तरी मी हटणार नाही."

ताई, किती दिवसांनी मी झोपले!

थोरा

*

तार
फिलाडेल्फिया, १९ मार्च

घात झाला. मी ओस्मुंडला पहिल्यांदाच हो म्हणायला सांगितलंय. त्याला ताबडतोब नाही म्हणायला सांग. सिग्नी

*

एल्वेडाल
२४ मार्च

प्रिय ताई,

तुझी तार एकवीस तारखेला आली. वादळाने तारा पडल्या होत्या. लिओनार्डने तुला तारेसाठी खर्च करू दिला याचं मला कौतुक वाटतं, पण उशीर झाला होता.

आता सविस्तर सांगते. कॉलेजचा बॉयलर बंद पडला म्हणून बैठक चर्चच्या तळघरात भरली आणि कॉफी वाढायला आम्ही बायका होतो, म्हणजे मी, मिसेस नूटसन आणि पाळकांची बायको. ओस्मुंड कोपऱ्यात बसला होता, निळा सूट घालून, कुणाच्या तरी दफनाला आल्यासारखा.

प्राचार्य उठले. खिशातून चिठ्ठी काढली. माझ्याकडे बघून किंचित मान हलवली. मी किटलीआड तोंड लपवलं.

"प्रोफेसर क्लेव्हन," ते म्हणाले, "क्वायर तुम्हीच चालवावी अशी माझी विनंती आहे. चालवाल का?"

ओस्मुंड उभा राहिला. छातीभर श्वास घेतला. म्हणाला, "हो."

ताई, मिसेस नूटसन कॉफी ओतत होत्या, त्या ओततच राहिल्या. बशी भरली, मग पाळकांची बाही. म्हातारे हाल्वर्सन, जे पहिल्या महायुद्धापासून मंडळावर आहेत आणि बैठकीत झोपतात, ते जागे झाले.

पण प्राचार्य चिठ्ठी बघत होते. मान वर न करता त्यांनी पाठ केलेलं पुढे म्हटलं, "हे तुम्ही केवळ सौजन्याने म्हणता आहात, हे मी जाणतो. म्हणून पुन्हा विचारतो."

ओस्मुंडला वाटलं, आपलं "हो" नामंजूर झालं. त्याने आणखी मोठा श्वास घेतला. "हो!"

मी मागून हातवारे करत होते, की पुरे, पुरे! प्राचार्यांना वाटलं, मी म्हणतेय अजून एकदा. "प्रोफेसर," ते जोशात म्हणाले, "मी हटणार नाही! तिसऱ्यांदा विचारतो!"

"हो!" ओस्मुंडने असं म्हटलं, की खुंटीवरच्या कपांनी साथ धरली. तो घसा आहे तरी केवढा, हे मला चौतीस वर्षांत कळलं नव्हतं.

मिसेस नूटसन धावत गेल्या. "ओस्मुंड, खाली बसा. पाणी आणू? थोरा, यांना ताप आहे का गं?"

"मला ताप नाही," ओस्मुंड म्हणाला. तो लाल झाला होता, मानेपर्यंत. "मला क्वायर हवी आहे."

हे ऐकून मंडळातल्या दोघांनी बुटांकडे पाहिलं. हाल्वर्सन म्हणाले, "मग देऊन टाका की! माणूस एवढा हातघाईवर आलाय." आणि ठराव झाला. बँडला बॉयलरच्या शेजारची खोली मिळाली. बॉयलर सुरू झाला की उबदार असते.

पण गावाची समजूत कोण काढणार? रात्री आठच्या आत बातमी सगळीकडे, की ओस्मुंड क्लेव्हन चारचौघांत तीनदा "हो" म्हणाला, म्हणजे दुखणं मेंदूपर्यंत गेलेलं दिसतं. सकाळपासून ओव्हनमधून काढलेल्या हॉटडिशची भांडी यायला लागली, घरात कुणी गेल्यावर येतात तशी. मासळीचं, खिम्याचं, पुन्हा मासळीचं. ओट्यावर जागा नाही, जिन्यावर ठेवली आहेत. पाळक येऊन ओस्मुंडजवळ बसले, स्तोत्र वाचलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "ओस्मुंड, काही सांगून ठेवायचंय का?" ओस्मुंड म्हणाला, "बाहीचा डाग थंड पाण्यात भिजत घाला."

मी एकही भांडं परत केलं नाही. देवाने दिलेलं अन्न आहे. ईस्टरपर्यंत मला स्वयंपाक नाही.

प्राचार्यांना आता या रीतीची गोडी लागली आहे. अर्लिंगला त्यांनी ट्रंक कॉल लावला आणि एका दमात तीनदा विचारलं. तो शरदात ओस्मुंडच्या हाताखाली यायला कबूल झाला. त्याची आई म्हणते, इतकी मनधरणी तर मुलीकडच्यांनीही केली नव्हती.

तू त्याला परस्पर लिहिलंस याचा मला राग आला होता. तो मी बुधवारी सोडला, कारण असं:

बुधवारी सकाळी ओस्मुंड चष्मा विसरून तालमीला गेला. मी ओव्हनमध्ये पाव ठेवला आणि म्हटलं, जाऊन पटकन देऊन येते. जिन्यावर पोचले तर आतून मुलं ईस्टरचं गीत संपवत होती. शेवटचं आमेन आलं आणि ओस्मुंडने टेबलावर हात आपटला.

"थांबा! हे काय गाताय?"

मुलांनी वह्यांत डोकी घातली.

"आमेन म्हणजे काय, कुणाला ठाऊक आहे? आमेन म्हणजे 'हो'. आणि तुम्ही ते 'बघू, सवडीने कळवतो' असं गाताय! कुणी पुन्हा विचारायची वाट बघताय? कुणी विचारणार नाही! तोंडं उघडा!"

मुलं गायली.

"लाजताय अजून. पुन्हा!"

पुन्हा गायली. मग पुन्हा. दर वेळेला तो काहीतरी लागट बोले आणि दर वेळेला ती जरा जास्त मोकळी होत. मी चष्मा हातात घेऊन पायरीवर बसले. शेवटी एकदा त्यांनी असं गायलं, की आत तो काही बोललाच नाही, आणि बाहेर माझ्यानेही उठवेना.

पाव करपला, ताई. काळा ठिक्कर. तसाच खाल्ला.

तुझी,
थोरा